एकच कारण निवडा

महालक्ष्म्या जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, तू बॉटनीवाली हैस ना, हे जरा भर." २०२३ च्या सप्टेंबरातली गोष्ट. ओसरीवर सतरंजी टाकलेली, घरात अजून पुरणाचा आणि आंबिलीचा वास, काकू आत सोळा भाज्यांचं उरलेलं पातेलं कुणाकुणाकडे पाठवायचं ते ठरवत होत्या, आणि माझ्यासमोर पीकविम्याचा, सोयाबीनच्या नुकसानीचा फॉर्म. नाव, गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, इथपर्यंत झरझर झालं. मग 'नुकसानीचे कारण' असा रकाना आला. बाणावर बोट ठेवलं की यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. पावसाचा खंड, कीड-रोग, अतिवृष्टी, पूर, असं काय काय होतं. मी दुसरं निवडायला गेले की पहिलं आपोआप पुसलं जायचं. दोनतीनदा करून बघितलं, मला वाटलं रेंजचा प्रॉब्लेम असेल. नव्हता, फॉर्मच तसा होता. शेवटी काकांना विचारलं, कशानं गेलं म्हणून लिहू? ते जरा वेळ गप्प बसले, सुपारी कातरत. "आता काय सांगू. पाणी नव्हतं. ऊन होतं. मग पिवळं पडलं. आन् बुडाला काळं पडलंय ते येगळंच. तुला काय पटंल ते लिही."

मी 'पावसाचा खंड' निवडलं आणि पुढे गेले.

फॉर्म गेला, मेसेज आला, काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पण संध्याकाळी चहा पिताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "खंड तर शेजाऱ्याच्या बरडात पण होता की. त्याचं माझ्यापेक्षा बरं हाय." एवढंच. तक्रार नव्हती त्यात, माझ्यावर टोमणा तर अजिबातच नाही. पण पुण्याला परत येताना लातूर रोडपासून रात्रभर रेल्वेत माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. काकांचं रान काळं, खोल, ओल धरणारं. शेजाऱ्याचं मुरमाड, नांगराला दगड लागणारं. आभाळ दोघांचं एकच. मग कोरड हेच कारण असेल तर आधी बरड मरायला पाहिजे होतं ना? मी बॉटनीत एमएस्सी केली त्याला वीस वर्षं होऊन गेली, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पण शिकलेली म्हणून माझ्या हातात मोबाईल दिला होता आणि मी यादीतलं पहिलं उत्तर टिक करून मोकळी झाले होते, हे काही केल्या पचेना.

त्या वर्षी सगळंच उशिरा. मृग कोरडा गेला, ते बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात फिरत बसलं, आणि आमच्याकडे पाऊस यायला जूनचा शेवट उजाडला. काकांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलं, जेएस ३३५ वाण, एकरी एक बॅग, नेहमीसारखं दाट. जुलै बरा गेला. पीक असं उठलं की काकांनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले, एरवी ते गुड मॉर्निंगचं फूल पण टाकत नाहीत. आणि मग पाऊस जो थांबला तो थांबलाच, अधिक श्रावणाचा शेवट कोरडा आणि निज श्रावण जवळजवळ सगळा. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. पण तो नुसता कोरडा नव्हता हो, तो तापलाही होता. ढग नाहीत म्हटल्यावर ऊन थेट, आणि सोयाबीन नेमकं फुलावर.

१५ ऑगस्टला जोडून मी सोमवारची रजा टाकली होती, तेव्हा मी ते रान बघितलेलं आहे. दुपारी दीडच्या सुमारास. बांधावरून बघितलं तर रान हिरवं दिसायच्या ऐवजी चांदीसारखं पांढुरकं दिसत होतं, मला आधी वाटलं काहीतरी फवारलंय. जवळ गेल्यावर कळलं, पानं उलटी झाली होती. सोयाबीनचं पान असं करतं, पाणी कमी पडलं की देठापाशी वळतं आणि पाठ वर करतं, पाठ फिकट असते त्यामुळे ऊन परत फेकलं जातं. काही पानांनी तिन्ही दलं एकमेकांना चिकटवून उभी धरली होती, हात जोडल्यासारखी, म्हणजे सूर्याला फक्त कड दिसेल. जमिनीला भेगा होत्या, अजून पाऊल जाईल अशा नाहीत, पण करंगळी जाईल इतक्या नक्की. मी एक फांदी वाकवून पानाच्या बेचक्यात बघितलं तर तिथे फुलं. सोयाबीनचं फूल ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, ते मुद्दाम शोधावं लागतं. तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं, जांभळं, पानांच्या सावलीत लपून. खाली मातीत पण पडली होती बरीच, वाळून तपकिरी. चांगल्या वर्षातही सोयाबीन स्वतःची बरीच फुलं गाळतं, त्यामुळे मी त्याचा फार विचार केला नाही. फोटो काढला, तो नीट फोकस झाला नाही, आणि तहान लागली म्हणून घरी आले.

आता मागे वळून बघताना त्या दुपारचं एक एक आठवतं. पानं उलटी होती म्हणजे पीक पाणी वाचवत होतं. पण त्याच वेळी ते तापत पण होतं. आणि इथेच खरी गोची आहे. पानावर लाखो बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. ऊन वाढलं की झाड ती उघडतं, पाणी वाफ होऊन जातं आणि पान थंड होतं, आपला घाम किंवा माठ जसा. पाणी कमी पडलं की झाड तीच तोंडं मिटतं, मुळाकडची कोरड कळली की ॲब्सिसिक ॲसिड नावाचं रसायन वाढतं आणि तोंडं बंद. दोन्ही उपाय आपापल्या जागी उत्तम. पण ऊन आणि कोरड हातात हात घालून आले तर? उघडावं तर पाणी जातं, मिटावं तर पान भाजतं. बहुतेक वेळा झाड मिटतं. मग पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही तापतं, आत हवा जात नाही म्हणून अन्न बनवणं मंदावतं, आणि उष्णतेमुळे श्वसन मात्र जोरात चालू, म्हणजे साठवलेलं जळत राहतं. घरात येणं बंद आणि खर्च दुप्पट.

कॉलेजात आम्हाला हे सगळं वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये होतं. पाण्याचा ताण एक चॅप्टर, उष्णतेचा दुसरा, क्षारांचा तिसरा, पुढे थंडी. परीक्षेत कोणत्याही एकावर टिपा लिहा. प्रयोगशाळेत पण तसंच चालायचं, एका कुंडीचं पाणी तोडा, दुसरी गरम चेंबरमध्ये ठेवा. शेतात असं कुणी रांगेत येत नाही हे माहीत सगळ्यांनाच होतं. पण ते नीट तपासून बघणारे फार नव्हते. रॉन मिट्लर या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तंबाखूवर आणि २००४ मध्ये अरॅबिडॉप्सिस नावाच्या त्या मोहरीच्या भावकीतल्या छोट्या झाडावर कोरड आणि उष्णता एकदम देऊन बघितली. मला वाटलं होतं कोरडीचं आणि उन्हाचं असं दोन्हींचं मिळून काहीतरी दिसलं असेल, बेरजेसारखं. तर तसं नव्हतं. साडेचारशेहून जास्त जीन असे निघाले जे नुसत्या कोरडीत असे जागे होत नाहीत, नुसत्या उन्हात पण नाहीत, दोन्ही एकत्र आले तरच होतात. आणि एक गोष्ट तर मी दोनदा वाचली. कोरड पडली की झाडं प्रोलिन नावाचं अमिनो ॲसिड साठवतात, पेशीतलं पाणी धरून ठेवायला, हे आम्ही घोकलेलं. पण दोन्ही एकत्र आल्यावर त्या झाडांनी प्रोलिन साठवलंच नाही, त्याऐवजी साखर साठवली, कारण उष्णतेत तेच प्रोलिन झाडाला जड जातं असं दिसलं. म्हणजे एका संकटातलं औषध दुसऱ्यात बाधतं, आणि झाडाला ते ठाऊक आहे. 'ठाऊक' हा शब्द चुकीचा, मान्य, पण दुसरा कुठला वापरू.

शब्दांवरून आठवलं, 'ताण' हा शब्द आपल्याकडे किती उलटसुलट वापरतात. ऑफिसात ताण येतो, लग्नघरात ताण असतो, आणि डाळिंबाच्या बागेला ताण देतात. देतात! माझ्या मामांची सांगोल्याकडे डाळिंबं होती तेव्हा बहार धरायच्या आधी महिना-सव्वा महिना पाणी तोडायचे, पानं पिवळी होऊन गळायची, बाग मसणवट्यासारखी दिसायची, लहानपणी मला फार वाईट वाटायचं. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी, की काही दिवसांत लालभडक कळ्या. विदर्भातले संत्रेवाले पण आंबिया बहाराला असाच ताण देतात. मामा म्हणायचे, ताण बसला पाहिजे पण झाड बसता कामा नये. त्यात सगळी कला होती, किती दिवस, कुठली जमीन, बागेचं वय काय. आणि एकाच वेळी एकच गोष्ट तोडायची, नुसतं पाणी. ताण चालू असताना भलतीच उष्णता आली किंवा मधेच अवकाळी पडला की मामांचा चेहरा बघवत नसे, त्यांचा सगळा हिशोब एका ताणाचा असायचा.

बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून एक अख्खी राष्ट्रीय संस्था याच कामाला आहे, अजैविक ताणांवर, म्हणजे कोरड, उष्णता, क्षार, पाणी साचणं असले जे जिवंत नाहीत ते ताण. एकदा बारामतीला लग्नाला गेले होते तेव्हा गाडीतून फाट्यावरचा बोर्ड वाचून नवऱ्याने विचारलं होतं, "इथे टेन्शन मॅनेजमेंट शिकवतात का?" आम्ही खूप हसलो होतो.

तर सप्टेंबरात परत आल्यावर मी माझ्याच बाल्कनीकडे जरा नीट बघायला लागले. पश्चिमेची बाल्कनी, चौथा मजला. कढीपत्त्याची कुंडी काळ्या प्लास्टिकची, दुपारी हात लावला तर चटका बसतो, म्हणजे आत मुळांचं काय होत असेल. बाजूला एसीचं बाहेरचं युनिट, ते गरम झोत मारतं. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येतो, पाणी जड, कुंडीच्या काठावर मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते, नखानं खरवडली तर पापुद्रा निघतो. दरवर्षी एप्रिलमध्ये तो कढीपत्ता कडेने जळायचा आणि मी दरवर्षी एक काहीतरी बदलायचे. एका वर्षी पाणी वाढवलं, म्हणजे क्षारच वाढवले. एका वर्षी हिरवी नेट लावली, मग हवा कोंडली आणि मिलीबग झाला. एका वर्षी खत टाकलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक वेळी मी कारण एकच धरलेलं होतं, त्या फॉर्मसारखं. आणि गंमत म्हणजे दोन ताण एकत्र आले की दरवेळी वाईटच होतं असंही नाही. टोमॅटोवर एक प्रयोग झालेला आहे, नुसतं खारट पाणी दिलेल्या रोपांपेक्षा खारट पाणी आणि उष्णता दोन्ही दिलेली रोपं बरी राहिली. शहरातल्या धुरापासून बनणाऱ्या ओझोनचं पण तसंच, कोरडीमुळे पानाची तोंडं मिटलेली असतील तर ओझोन आत शिरत नाही, एक संकट दुसऱ्याला दारातच अडवतं. मला हे वाचून उगाच आनंद झाला होता. कढीपत्त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आजीला हे सगळं कसं वाटलं असतं कुणास ठाऊक. तिला कॉलम-बिलम माहीत नव्हते, पण दोन गोष्टी एकत्र आल्या की तिसरंच काहीतरी होतं हे तिला पक्कं माहीत होतं. पावसानं ताण दिलेली, खुरटलेली कोवळी ज्वारी दिसली की ती गुरं त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. "किराळ लागंल." आम्हा पोरांना वाटायचं किराळ म्हणजे काहीतरी भूतबाधा. पुढे बीएस्सीला कळलं, कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा पदार्थ असतो, जनावरानं चावलं की त्यातून सायनाइड सुटतं, आणि कोरडीत खुंटलेल्या ज्वारीत ते जास्त असतं. ज्वारी तशी बिलंदर. कोरड लागली की पानं सुरळीसारखी गुंडाळते, अंगाला पांढरी मेणासारखी भुकटी धरते, जास्तच झालं तर वाढ थांबवून नुसती उभी राहते आणि पाऊस आला की पुढचं पान काढते. वर खाणाऱ्याची पण सोय करून ठेवते. आमच्याकडे रब्बीला मालदांडी असायची, जमिनीतल्या ओलीवर येणारी, हस्ताचा पाऊस मुरला की पुढे वरून थेंब नाही पडला तरी पदरात काहीतरी टाकायची. आता काकांकडे ज्वारी घरापुरती, दीड एकर. बाकी सगळं सोयाबीन, कारण लातूरला मार्केट आहे, तेलाच्या मिल आहेत आणि तीन महिन्यांत पैसे हातात येतात. यात काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्यात बसून ज्वारीचं कौतुक करायला माझं काय जातंय, माझ्याकडे तर भाकरी पण आठवड्यातून दोनदाच होते.

मग एक दिवस, ऑक्टोबर असेल, रात्री मोबाईलवर वाचता वाचता सोयाबीनच्याच फुलांवरचा एक अभ्यास सापडला. २०२२ चा, मिट्लर यांच्याच गटाचा, अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातला. त्यांनी सोयाबीनला कोरड आणि उष्णता एकदम दिली, अगदी काकांच्या रानासारखी, फुलावर असताना. पानांची तोंडं मिटली, ते अपेक्षितच. पण फुलांच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर, निदलांवर, जी तोंडं असतात ती उघडी राहिली. एकाच झाडावर, एकाच वेळी. पान पाणी धरून ठेवून तापतंय आणि त्याच्या बेचक्यात दोन सेंटिमीटरवर असलेलं फूल पाणी सोडून थंड होतंय. मिटण्याचा निरोप देणारं ते ॲब्सिसिक ॲसिड फुलांमध्ये लवकर मोडून टाकलं जातं, म्हणजे निरोप पोचतो पण फूल तो ऐकत नाही. त्यानं फूल आतून दोनतीन अंशांनी कमी तापतं. आपल्याला दोनतीन अंश म्हणजे पंखा तीनवरून चारवर, पण परागकण आणि अंडाशय यांचं त्यावरच ठरतं.

मी उठून लाईट लावला.

कारण मी ते बघितलं होतं ना. दीड वाजता, पांढुरक्या रानात, पान बाजूला करून मी त्याच फुलाकडे वाकून बघत होते आणि तेव्हा ते फूल, अख्ख्या तापलेल्या झाडावर एकटं, घाम गाळत बसलेलं असणार. माझ्या बोटात असलेलं पान तापलेलं लागलं होतं हे मला आठवतंय, फुलाला मी हात लावला नव्हता, आणि लावला असता तरी दोन अंश कुणाला कळतात. फोटो शोधला. तो ब्लर फोटो, जांभळा ठिपका आणि माझा अंगठा. हे वाचून मला लगेच आई आठवली, मग काकू आठवल्या, आणि मग माझा मलाच राग आला, प्रत्येक झाडात आई शोधायची आपल्याला फार खोड आहे. झाड त्याग-बिग काही करत नाही. पानं गेली तर नवी येतात, बी गेलं तर वंश जातो, लाखो वर्षांत जे टिकलं ते असं वागणारं टिकलं. पण तरी त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

आणि हे सगळं करून पण काकांचं सोयाबीन गेलंच की. तेही समजलं मग हळूहळू. फूल थंड ठेवायला पाणी लागतं आणि ते पाणी शेवटी मुळातूनच यायचं, मुळाशीच नसेल तर किती दिवस पुरणार. काकांचं रान चांगलं, म्हणून जुलैत पीक माजलं, दाट पेरलेलं, पानांचा पसारा मोठा, त्या पसाऱ्यानं काळ्या मातीतली ओल पहिल्या दोन आठवड्यांत उपसली असणार. शेजाऱ्याच्या बरडात उगवणच विरळ झाली होती, झाडं गुडघ्याच्या खाली, प्यायला तोंडं कमी. हा माझा अंदाज हं, शेजाऱ्यानं पेरणी पण आठ दिवस उशिरा केलेली होती, म्हणजे त्याची फुलं वेगळ्या आठवड्यात आली. चांगल्या रानाचा असा तोटा होऊ शकतो हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगणार.

मग रोग. कोरड्या गरम हवेत पांढरी माशी वाढते, ती येलो मोझॅकचा विषाणू घेऊन फिरते. बोअरला चाळीस मिनिटं पाणी यायचं, तेही लाईट रात्रीची, काकांनी दोन रात्री जागून स्प्रिंकलर फिरवले, आणि त्यांचं म्हणणं असं की जिथे पाणी पोचलं तेवढा पट्टा हिरवा राहिला आणि माशी येऊन त्याच पट्ट्यावर बसली. शिवाय झाड कोरडीशी झगडत असताना तेच ॲब्सिसिक ॲसिड बऱ्याचदा रोगाशी लढायची यंत्रणा खाली दाबतं, म्हणजे घरातला एकुलता एक माणूस पुढच्या दाराला उभा असताना मागचं दार उघडं. आणि ते बुडाचं काळं, ती मूळकूज. काकांनी मला एक झाड उपटून दाखवलं होतं, खोडाची साल नखानं सोलली तर आत कोळशाची बारीक पूड टाकल्यासारखे ठिपके. ती बुरशी जमिनीत असतेच, वर्षानुवर्षं, पाऊस नीट असेल तर काही करत नाही. माती तापली, झाड तहानलं, की आत शिरते. म्हणजे फॉर्मच्या भाषेत तो 'कीड-रोग', पण पाणी असतं तर तो रोग झालाच नसता, आणि नुसतं पाणी नसतं पण ऊन एवढं नसतं तर कदाचित निभावलं असतं. कारणाचा पहिला नंबर कुणाला द्यायचा?

२०२१ मध्ये मिट्लर यांच्याच गटाने आणखी एक प्रयोग केला होता, तो मला सगळ्यात जास्त लागला. सहा वेगवेगळे ताण घेतले, उष्णता, मीठ, जास्त उजेड, आम्लता, जड धातू आणि एक तणनाशक. प्रत्येकाचा डोस इतका कमी की एकेकटा दिला तर रोपाला फारसं काही होत नव्हतं. मग दोन दोन दिले, तीन तीन दिले, असं वाढवत गेले. जसजशी संख्या वाढली तसतशी रोपं खुरटत आणि मरत गेली. त्यातला कुठलाही एक बोट दाखवून 'याने मारलं' असं म्हणण्याएवढा मोठा नव्हता. मी हे वाचलं आणि मला ऑफिसातलं एक एक जण आठवायला लागलं, मग तेही सोडून दिलं.

विम्याचं पुढे काय झालं असं बरेच जण विचारतात. थोडे पैसे आले. काकांनी त्यात हरभऱ्याचं बी आणलं.

पण त्या सप्टेंबरातल्या संध्याकाळचं थोडं राहिलंच सांगायचं. चहा झाल्यावर काका म्हणाले चल, रान बघून येऊ, महालक्ष्म्यांच्या आधी जरा पाऊस झाला होता, त्यामुळे भेगा बुजल्या होत्या आणि चपलेला चिखल लागत होता. रान पिवळं, मधेमधे हिरवं, शेंगा चपट्या, दाबल्या तर आत काहीच नाही, काकांनी चारपाच दाबून बघितल्या, सवयीनं, आणि टाकून दिल्या. शेजाऱ्याच्या बांधापर्यंत गेलो. त्याच्या शेंगा लहान होत्या पण भरलेल्या. काका काही बोलले नाहीत. परत फिरताना मला एका झाडाच्या शेंड्याजवळ जांभळं काहीतरी दिसलं म्हणून मी थांबले, पाऊस झाल्यावर त्यानं वर नवीन दोन पानं काढली होती आणि त्यांच्या बेचक्यात फूल. एकच. बाकी झाड काठीसारखं. अजून पंधरावीस दिवसांत रान मोकळं करायचं होतं. मी म्हटलं, "काका, हे बघा, फूल." ते आले, वाकले, चष्मा वर करून बघितलं.

"आता कशाला," म्हणाले, आणि मोटरसायकलची किल्ली शोधायला खिसे चाचपायला लागले.